नाबोथाच्या गावचे वडीलधारे

निवडणुका जवळ आल्या, की आपल्या समाजात दोन वाक्ये हमखास कानांवर पडतात. पहिले वाक्य असे, की राजकारण हे सज्जनांचे काम नव्हे. दुसरे असे, की वर्तमानपत्रे आणि वाहिन्या विकल्या गेल्या आहेत, खरे काय नि खोटे काय हे कळायला मार्गच उरलेला नाही. मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारात, लग्नाच्या मांडवात, मयताच्या घरी ओटीवर बसल्या बसल्या ही वाक्ये उच्चारली जातात आणि सभोवतालचे सगळे माना डोलावतात. त्यांत तथ्य नाही, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु ती ज्या सुरात म्हटली जातात, तो सूर आम्हांस नेहमीच खटकत आलेला आहे. त्या सुरात तक्रार असते. पण ती कोठे नोंदवण्याची तयारी नसते. ही दोन वाक्ये म्हटली, की आपले हात स्वच्छ झाले, असा काहीसा समाधानाचा भाव त्यांत असतो.

येथे एक प्रश्न उभा राहतो आणि तो केवळ राजकारणाचा नाही, नीतीचा आहे. राज्यकर्ता लोभी आहे, साक्षीदार खोटा आहे, हे दोन्ही क्षणभर मान्य करू. मग या दोहोंच्या मध्ये उभ्या असलेल्या सामान्य माणसावर काही जबाबदारी उरते काय? की इतरांचे पाप मोठे असल्यामुळे त्याला आपोआपच मोकळीक मिळते?

या प्रश्नाचा विचार करताना जुन्या करारातील एक कथा आमच्या मनासमोर पुनःपुन्हा येते. राजांच्या पहिल्या ग्रंथातील एकविसाव्या अध्यायात ती आहे. नाबोथाच्या द्राक्षमळ्याची ही कथा आपण प्रवचनांतून अनेकदा ऐकली आहे. अहाब राजाचा लोभ, ईजबेल राणीचे कपट आणि एलिया संदेष्ट्याचा संताप यांवर तेव्हा भर दिला जातो आणि ते योग्यच आहे. परंतु या कथेत आणखी काही माणसे आहेत, त्यांच्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. ती म्हणजे नाबोथाच्या गावचे वडीलधारे.

पत्र आले आणि काम झाले

कथा थोडक्यात अशी. इज्रेल येथे राजवाड्याला लागून नाबोथाचा द्राक्षमळा होता. राजाला तेथे भाजीचा मळा करायचा होता. त्याने मोबदला देऊ केला. याहून चांगला मळा देतो किंवा रोख किंमत देतो, असे सांगितले. आजच्या भाषेत बोलायचे, तर राजाचा प्रस्ताव वाजवी होता. पण नाबोथाने नकार दिला, कारण ती जमीन त्याच्या वाडवडिलांची होती. राजा रुसून, भिंतीकडे तोंड करून पलंगावर पडून राहिला, जेवेना. तेव्हा राणीने सूत्रे हाती घेतली. तिने राजाच्या नावाने पत्रे लिहिली, त्यांवर राजाची मुद्रा उमटवली आणि ती नाबोथाच्या गावच्या वडीलधाऱ्यांना व प्रतिष्ठितांना धाडली. पत्रांत सूचना होत्या : उपासाचा दिवस जाहीर करा, नाबोथाला लोकांसमोर मानाच्या जागी बसवा, त्याच्यासमोर दोन हलकट माणसे बसवा. त्याने देवाची आणि राजाची निंदा केली अशी साक्ष त्यांनी द्यावी. मग त्याला गावाबाहेर नेऊन दगडमार करा. आणि ठरल्याप्रमाणे सारे पार पडले.

या कथेतील बारकावे ध्यानात घेण्यासारखे आहेत. आरोप एकच नव्हता, दोन होते. देवाची निंदा आणि राजाची निंदा. धर्मद्रोह आणि राजद्रोह यांची अशी जोडगोळी केली, की आरोपीच्या बाजूने बोलायला कोणी धजत नाही. ही युक्ती तीन हजार वर्षांपूर्वीही ठाऊक होती. दुसरे असे, की साक्षीदार नेमके दोन होते. मोशेच्या नियमशास्त्रानुसार एकाच्या साक्षीवर कोणाला दोषी ठरवता येत नसे, दोन किंवा तीन साक्षीदार लागत. राणीने तो नियम मोडला नाही, तो काटेकोरपणे पाळला. बाहेरून पाहणाऱ्याला सर्व काही रीतसरच दिसले असते. उपास होता, सभा होती, साक्षी होत्या, निकाल होता. फक्त सत्य नव्हते.

तिसरा बारकावा सर्वांत महत्त्वाचा. पत्रे राजाच्या नावाने आली होती. पण काम फत्ते झाल्याचा निरोप वडीलधाऱ्यांनी राजाला पाठवला नाही, राणीला पाठवला. म्हणजे पत्रामागचा हात कोणाचा, हे ते ओळखून होते. साक्षीदार कसले आहेत, हे तर पत्रातच लिहिलेले होते. नाबोथ त्यांच्याच गावचा. त्याचे आईबाप, त्याचे शेत, त्याचा स्वभाव त्यांनी लहानपणापासून पाहिलेला असणार. त्यांची फसगत झाली नव्हती. त्यांना सगळे कळत होते.

त्यांच्यापैकी एकानेही द्राक्षमळ्याचा लोभ धरला नव्हता. एकानेही खोटी साक्ष दिली नाही. त्यांनी फक्त सभा भरवली आणि जे चालले होते ते चालू दिले. त्या अध्यायात एलिया राजाला जाब विचारतो, राणीचे भविष्य सांगतो. वडीलधाऱ्यांविषयी मात्र पुढे एक अक्षर नाही. त्या मौनाचा अर्थ त्यांना क्षमा झाली असा आम्ही लावत नाही. त्यांचा निवाडा वाचणाऱ्याने करायचा आहे, असे आम्हांस वाटते.

साक्षीदाराचा धर्म

आजच्या काळात गावासमोर साक्ष देण्याचे काम वृत्तपत्रे आणि वाहिन्या करतात. बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत वृत्तपत्र काढले, तेव्हा त्याला 'दर्पण' हे नाव दिले. आरशाने जे आहे ते दाखवावे, ही त्यामागची अपेक्षा. पण आरशाचीही एक मर्यादा असते. जो समोर उभा राहतो, त्याचेच रूप त्यात दिसते. ज्याला समोर उभेच राहू दिले जात नाही, तो आरशाच्या लेखी जगातच नसतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केले, तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊ करूनही 'केसरी'ने छापली नाही, हा इतिहास आहे. त्या नकारात एकही खोटे वाक्य नव्हते. तरी तो अन्याय होता. माध्यमांची नीतिमत्ता केवळ त्यांनी काय छापले यावरून ठरत नाही, कोणाला आत येऊ दिले नाही यावरूनही ठरते.

नव्वद वर्षांनी महाराष्ट्राने याच्या अगदी उलट प्रकार पाहिला. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत काही उमेदवारांच्या स्तुतीचे लेख एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या वृत्तपत्रांत छापून आले आणि ते शब्दशः सारखे होते. ज्येष्ठ पत्रकार पी. साईनाथ यांनी ही गोष्ट उजेडात आणली. 'पेड न्यूज' हा शब्द तेव्हापासून आपल्या घराघरांत पोहोचला. भारतीय वृत्तपत्र परिषदेने चौकशीसाठी दोन सदस्यांची उपसमिती नेमली. समितीने नावानिशी सविस्तर अहवाल दिला. परंतु परिषदेने २०१० मध्ये प्रसिद्ध केला तो त्याचा संक्षेप. संपूर्ण अहवाल लोकांसमोर यायला माहिती अधिकाराचा आधार घ्यावा लागला. एके काळी पैसे देऊनही जागा नाकारली गेली, दुसऱ्या काळी पैसे घेऊन जागा विकली गेली. दोन्ही प्रसंगी ज्याचे नुकसान झाले तो एकच, सत्य जाणून घेण्याचा हक्क असलेला वाचक.

ख्रिस्तसभेने हा हक्क स्पष्ट शब्दांत मान्य केलेला आहे. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी संपर्कमाध्यमांविषयीचा आदेश जाहीर केला. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथात हा विषय कोठे आला आहे, हे पाहण्यासारखे आहे. तो आठव्या आज्ञेच्या विवेचनात आला आहे. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यास मनाई करणारी ती आज्ञा. म्हणजे बातमी देणे हे साक्ष देणे आहे आणि बातमी विकणे ही साक्ष विकणे आहे, असे ख्रिस्तसभा मानते.

येथे एक गैरसमज दूर करावा लागेल. निःपक्षपात म्हणजे तटस्थता, असे पुष्कळांना वाटते. दोन्ही बाजूंना सारखी जागा दिली, की न्याय झाला, असा त्यांचा समज. समजा, एका गावात नाले बुजवले म्हणून दर पावसाळ्यात घरांत पाणी शिरते. बुडालेल्यांचे म्हणणे पाच ओळींत आणि नाले बुजवणाऱ्याचे म्हणणेही पाच ओळींत छापले, तर ते तराजूचे काम झाले. साक्षीदाराचे झाले नाही. साक्षीदाराने नाल्यावर जाऊन पाहायला हवे. पिलाताने दोन्ही बाजू ऐकून घेतल्या होत्या. सत्य म्हणजे काय, हा प्रश्नही त्याने विचारला होता. पण उत्तरासाठी तो थांबला नाही. येशूच्या ठायी दोष नाही, हे त्याला कळून चुकले होते आणि तरी त्याने पाणी मागवून हात धुतले. जगातील तटस्थतेचे ते सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आहे. निःपक्षपाती माणूस कोणाचीही बाजू न पाहता सत्याच्या शोधाला लागतो आणि सत्य सापडले, की त्याच्या बाजूने उभा राहतो. तटस्थ माणूस सत्य सापडू नये अशी मनोमन प्रार्थना करीत असतो.

दुसऱ्याचे माप, आपले माप

माध्यमांना इतके बजावून झाल्यावर आता आपल्या दारापाशी येऊ. कारण आज साक्ष देणारा केवळ वार्ताहर राहिलेला नाही. प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे आणि अंगठ्याच्या एका स्पर्शाने पन्नास घरांत निरोप पोहोचतो. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१८ च्या जागतिक संपर्क दिनाच्या संदेशात खोट्या बातम्यांचा विचार करताना एदेन बागेतील सर्पाची आठवण करून दिली होती. सर्प निखालस खोटे बोलला नाही. त्याने खऱ्याला थोडे वाकवले आणि ऐकणारीला ते गोड वाटले. खोटी बातमी अशीच पसरते. ती आपल्या मनात आधीच असलेल्या भीतीला किंवा आकसाला खाऊ घालते.

२०२० सालातील दोन महिने आठवून पाहावेत. मार्चच्या अखेरीस टाळेबंदी लागू झाली आणि दिल्लीतील निजामुद्दीन येथे जमलेल्या तबलिगी जमातीच्या लोकांमुळेच रोग देशभर पसरला, असा गदारोळ वाहिन्यांवर उठला. एका अख्ख्या समाजाकडे बोट दाखवले गेले. भाजी विकणाऱ्या गरीब माणसांना नाव विचारून वस्तीबाहेर घालवण्यात आले. पुढे २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तेथे आलेल्या परदेशी नागरिकांवरील गुन्हे रद्द केले. त्यांच्याविरुद्ध माध्यमांतून मोठा अपप्रचार झाला आणि त्यांना बळीचा बकरा करण्यात आले, असे मत न्यायालयाने नोंदवले.

त्याच वर्षी १६ एप्रिलच्या रात्री आपल्याच पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांना जमावाने ठार मारले. चोर आणि मुले पळवणारी टोळी फिरत असल्याची अफवा त्या भागात पसरलेली होती. ही घटना कोणाचेही मन विदीर्ण करील अशीच होती. परंतु मृतांसाठी अश्रू ढाळण्याआधीच काहींनी तिला धर्माचा रंग दिला. पकडलेल्यांत मुसलमान कोणी नाही, हे सांगण्यासाठी गृहमंत्र्यांना अटक झालेल्या एकशे एक जणांची यादी जाहीर करावी लागली. मग संशयाची सुई मिशनऱ्यांकडे वळवण्यात आली. आदिवासी पाड्यांवर वर्षानुवर्षे शाळा आणि दवाखाने चालवणाऱ्या भगिनी आणि धर्मगुरू एकाएकी संशयित झाले.

एप्रिलच्या त्या दुसऱ्या पंधरवड्यात आपला समाज दुखावला गेला आणि ते स्वाभाविक होते. पुढे ऑक्टोबर २०२० मध्ये येशूसंघीय धर्मगुरू फादर स्टॅन स्वामी यांना अटक झाली. खटला उभा राहण्याआधीच काही वाहिन्यांनी त्यांना दोषी ठरवून टाकले आणि ५ जुलै २०२१ रोजी वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी ते मुंबईत कच्चे कैदी म्हणूनच मरण पावले. तेव्हाही आपण म्हणालो, की निकालाआधी शिक्षा हा कोणता न्याय? प्रश्न अगदी रास्त होता. पण तो रास्त प्रश्न एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात, शेजारच्या समाजावर चिखलफेक चालू असताना, आपल्या किती घरांतून विचारला गेला? त्या दिवसांतल्या चित्रफिती किती ख्रिस्ती कुटुंबांच्या समूहांतून पुढे गेल्या, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. देवाने मात्र ठेवली असेल.

आपल्यावर खोटी साक्ष आली, की आपल्याला आठवी आज्ञा आठवते. दुसऱ्यावर आली, की ती बातमी वाटते. नीतीची कसोटी नेमकी येथे लागते. ज्या मापाने आपण मोजतो, त्याच मापाने आपल्याला मोजले जाईल, असे प्रभू येशूने सांगितले आहे. म्हणून माध्यमांनी आपल्याशी न्यायाने वागावे, असे म्हणण्याचा अधिकार त्यालाच उरतो, जो दुसऱ्याविषयीची बातमीही तितक्याच काळजीने तपासतो.

धर्मशिक्षण ग्रंथाने आठव्या आज्ञेविरुद्धच्या तीन अपराधांत भेद केला आहे. पुरेसा आधार नसताना शेजाऱ्याचा दोष मनातल्या मनात खरा मानणे, हा अविचारी निवाडा. कारण नसताना दुसऱ्याचे खरे दोष इतरांना सांगणे, ही परनिंदा. खोटे सांगून त्याच्या नावाला काळिमा लावणे, ही बदनामी. पहिल्या अपराधासाठी तर तोंडही उघडावे लागत नाही. आणि ग्रंथ पुढे सांगतो, की सत्याविरुद्ध घडलेल्या अपराधाची भरपाई करणे हे कर्तव्य आहे. केवळ क्षमा मागून ते संपत नाही. मग ज्या पन्नास घरांत खोटा निरोप गेला, त्या पन्नासही घरांत तो खोटा होता हे कळवणे, ही भरपाई ठरते. पापनिवेदनाला जाण्याआधी जी आत्मपरीक्षा आपण करतो, तीत हा एक प्रश्न आता समाविष्ट व्हायला हवा.

हे फार बारीक पाहणे झाले, असे कोणास वाटेल. त्यांनी १ जुलै २०१८ आठवावा. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे आठवडी बाजाराच्या दिवशी भटक्या गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना, मुले पळवणारे समजून, जमावाने ठेचून मारले. त्या निरोपांचा पहिला लेखक कोण, हे कोणास कळले नाही. पुढे पाठवणारे मात्र असंख्य होते. आठवी आज्ञा मोडण्यापासून पाचवी आज्ञा मोडण्यापर्यंतचे अंतर इतके थोडे आहे.

उलट उदाहरणही आपल्या बायबलमध्ये आहे. दानिएलाच्या ग्रंथात सुसान्नेवर दोन प्रतिष्ठित वडीलधारे खोटा आळ घेतात. सभा त्यांच्या वयाकडे आणि मानाकडे पाहून तिला मरणदंड फर्मावते. तेव्हा गर्दीतून एक तरुण ओरडून विरोध करतो. तो भाषण करीत नाही. तो दोघा साक्षीदारांना वेगवेगळे करतो आणि प्रत्येकाला एकच साधा प्रश्न विचारतो, ते दोघे कोणत्या झाडाखाली दिसले? दोघे दोन झाडांची नावे सांगतात आणि एक निरपराध स्त्री वाचते. नाबोथाच्या सभेत कमी होता, तो हा एक प्रश्न.

लोक आणि गर्दी

प्रश्न विचारायला उभे राहणे, हाच नागरिकत्वाचा गाभा आहे. दुसरे महायुद्ध संपत आले असताना, १९४४ च्या नाताळ संदेशात बारावे पायस यांनी 'लोक' आणि 'गर्दी' यांत भेद केला होता. लोक स्वतःच्या प्रेरणेने जगतात आणि हालतात. गर्दी बाहेरून कोणी ढकलले, तरच हालते. लोकशाहीला लोक हवे असतात. गर्दी मात्र तिची शत्रू ठरते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली मतदान हा नागरिकांचा हक्क आणि कर्तव्य असल्याचे सांगितले. धर्मशिक्षण ग्रंथ तर कर भरणे आणि मतदान करणे ही नैतिक बंधने मानतो. अकरावे पायस यांनी १९२७ सालीच राजकारणाला प्रीतिसेवेचे अतिशय विशाल क्षेत्र म्हटले होते. तेव्हा राजकारण सज्जनांचे काम नव्हे, हे वाक्य आपल्याला ख्रिस्तसभेकडून मिळालेले नाही. ते आपणच आपल्या सोयीसाठी घडवलेले आहे.

१९८३ च्या ख्रिस्तसभेच्या विधिसंहितेनुसार धर्मगुरूंना राजकीय पक्षांत सक्रिय भाग घेण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. म्हणजे हे क्षेत्र मुख्यतः प्रापंचिकांचे, आपले आहे. प्रवचनपीठावरून कोणाला मत द्यावे हे सांगितले जाऊ नये. पण मत कसे बनवावे, याचे शिक्षण धर्मग्रामाने जरूर द्यावे.

आपल्या समाजाला नागरी लढ्याचा अनुभव नाही, असे तर मुळीच नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईचा हरित पट्टा बांधकामांना खुला होऊ लागला, तेव्हा हरित वसई संरक्षण समितीच्या झेंड्याखाली शेतकरी, बायाबापड्या आणि तरुण रस्त्यावर आले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी त्या लढ्याचे नेतृत्व केले. तेच फादर पुढे २०२० साली उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि २५ जुलै २०२४ रोजी देवाघरी गेले. २००९ मध्ये चार नगरपरिषदा आणि त्रेपन्न गावे एकत्र करून वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली, तेव्हाही गावे वगळावीत म्हणून आपली माणसे लढली. वाडवडिलांची जमीन सांभाळू पाहणाऱ्या नाबोथाचे दुःख वसईकराला समजावून सांगावे लागत नाही.

मात्र त्याच महानगरपालिकेची मुदत २०२० मध्ये संपली आणि त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ निवडून आलेला एकही नगरसेवक तेथे नव्हता, सारा कारभार प्रशासकाच्या हाती होता. आपला प्रतिनिधीच नाही, याविषयी जमिनीच्या प्रश्नाइतका आवाज उठल्याचे आमच्या ऐकिवात नाही. स्वतःचा मळा धोक्यात आल्यावर जागे होणे, हे नाबोथालाही जमले होते. प्रश्न नाबोथाच्या शेजाऱ्यांचा आहे.

याहून अवघड गोष्ट अशी, की काही वेळा आपण शेजारीही नसतो, राजवाड्याच्या बाजूला असतो. सूर्या नदीवरील धामणी धरण हे डहाणू, पालघर, विक्रमगड परिसरातील शेतीच्या सिंचनासाठी म्हणून उभे राहिले. त्याचे पाणी पुढे वसई-विरार आणि मीरा-भाईंदर या शहरांकडे वळवण्यात आले. प्रादेशिक योजनेची क्षमता दररोज ४०३ दशलक्ष लिटर इतकी आहे. तेथील आदिवासी आणि शेतकरी याविरुद्ध वर्षानुवर्षे बोलत आले आहेत. शहरांना पाणी नको, असे कोणीही म्हणणार नाही. तहान खरी आहे. परंतु आपल्या नळाला पाणी आले, ही बातमी आपण आनंदाने वाचतो, तेव्हा ज्यांच्या कालव्यात ते यायचे होते, त्यांच्याविषयीच्या चार ओळीही शोधून वाचतो काय? त्या छापून आल्या नसतील, तर का आल्या नाहीत, हे संपादकाला पत्र लिहून विचारतो काय? माध्यमांचा पक्षपात आपल्या फायद्याचा असतो, तेव्हा तो आपल्या डोळ्यांना दिसत नाही.

म्हणून 'आपला माणूस निवडून आणा' या घोषणेविषयीही आम्हांस थोडे सावध बोलावेसे वाटते. सभागृहात आपल्या समाजाची माणसे असावीत, ही इच्छा गैर नाही. पण ख्रिस्तसभा ज्याला सामायिक हित म्हणते, ते आपल्या समाजाच्या हिताचे मोठे नाव नव्हे. नालासोपाऱ्याच्या चाळीत दाटीवाटीने राहणारा परप्रांतीय मजूर, डोंगराकडच्या पाड्यावरची वारली आई, किनाऱ्यावरचा कोळी, हे सारे त्या हिताचे वाटेकरी आहेत. यांच्यापैकी कोणाचा मळा जात असताना जो उमेदवार प्रश्न विचारील, तोच आपला माणूस.

हाताशी असलेली साधने

एकट्या माणसाने काय करावे, असे विचारले जाते. इज्रेलच्या वडीलधाऱ्यांपाशी नव्हती, अशी काही साधने कायद्याने आपल्या हाती दिली आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयांमुळे २००३ पासून प्रत्येक उमेदवाराला आपल्यावरील फौजदारी खटले, मालमत्ता आणि शिक्षण प्रतिज्ञापत्रावर जाहीर करावे लागते. ते कोणालाही वाचता येते. २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. साध्या अर्जावर रस्त्याचा, नाल्याचा, बांधकाम परवानगीचा कागद मागता येतो. गावांत ग्रामसभा आहे, तेथे वर्षाचा जमाखर्च विचारता येतो. एकही उमेदवार पसंत नसेल, तर २०१३ पासून तसे मतदानयंत्रावर नोंदवताही येते; घरी बसून राहण्याचे कारण तेथेही उरत नाही. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींचे नाव मतदारयादीत घालणे हे पालकांना दृढीकरण संस्काराच्या तयारीइतकेच अगत्याचे वाटावे. लहान ख्रिस्ती समूहांच्या बैठकीत वचनावर मनन झाल्यावर अर्धा तास प्रभागातील एखाद्या प्रश्नावर, आणि तोही केवळ आपल्या वस्तीच्या नव्हे, बोलता येणार नाही काय?

बातम्यांच्या बाबतीतही असेच. एकाच वाहिनीवर विसंबू नये. जी बातमी वाचून आपल्याला विशेष आनंद किंवा विशेष संताप होतो, ती दुसऱ्या ठिकाणी पडताळावी. जिच्याविषयी ती आहे, त्या माणसाचे म्हणणे तीत आहे का, हे पाहावे. खरे लिहिणाऱ्या लहान नियतकालिकांची वर्गणी भरावी. कारण वाचक किंमत देत नाही, तेव्हा ती दुसरे कोणी तरी देते आणि मोबदल्यात वाचकच विकत घेते.

ही सारी कामे लहान आहेत. यांतील एकही हौतात्म्य मागत नाही. परंतु ती वेळेवर करावी लागतात, कारण उशिरा आलेले सत्य मेलेल्याला उठवीत नाही. उच्च न्यायालयाचा निर्णय ऑगस्टमध्ये आला. एप्रिलमध्ये ज्यांना वस्तीतून हाकलले, त्यांचा एप्रिल कोणी परत दिला नाही. एलिया संदेष्टा द्राक्षमळ्यात पोहोचला आणि राजाला थरथर कापायला लावील असे बोलला. पण तोवर नाबोथ गावाबाहेर दगडांखाली पडला होता. संदेष्टे नेहमी नंतर येतात. त्याआधी सभेत बसलेले असतात ते गावचे वडीलधारे, म्हणजे आपण. पत्र वाचून झाल्यावर आणि पहिला दगड उचलला जाण्यापूर्वी थोडा वेळ असतो. ते कोणत्या झाडाखाली होते, एवढे विचारायला तो पुरतो.